कैदी सुटतात, कुलूप राहतं : म्यानमारचे राजबंदी आणि शेजाऱ्यांचा दबाव



आजच्या विषयाची सुरुवात आपण एका वाक्यापासून करूया. २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तामध्ये ‘आसियान’ची, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेची, तातडीची बैठक झाली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला म्यानमारमध्ये लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं होतं. आंग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंत यांना पहाटेच ताब्यात घेतलं गेलं. जकार्ताची बैठक भरेपर्यंत सातशेहून अधिक माणसं मारली गेली होती आणि तीन हजारांच्या वर अटकेत होती. बंड करणारे सेनापती मिन आंग ह्लाइंग स्वतः त्या बैठकीत बसले होते.

बैठकीतून पाच कलमी सहमती बाहेर आली. हिंसाचार ताबडतोब थांबवावा. सर्व पक्षांनी संवाद सुरू करावा. आसियानच्या अध्यक्षांच्या विशेष दूताने मध्यस्थी करावी. मानवतावादी मदत पोचवावी. आणि त्या दूताने म्यानमारला जाऊन सर्व संबंधितांना भेटावं. झाली पाच कलमं. यात राजबंद्यांच्या सुटकेचं कलम कुठे आहे? नाही. तो विषय अध्यक्षांच्या निवेदनात वेगळ्या जागी येतो, आणि तिथे त्याचा आशय असा आहे की परदेशी नागरिकांसह सर्व राजकीय कैद्यांना सोडावं, अशी आवाहनं आमच्या कानावर आली.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे वाक्यातल्या क्रियापदाकडे पाहायची आम्हाला सवय आहे. ‘आम्ही मागणी करतो’ आणि ‘मागणी आमच्या कानावर आली’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात बोलणारा स्वतःला बांधून घेतो. दुसऱ्यात तो खोलीत हजर होता, एवढंच सिद्ध होतं. मग आपण असं म्हणायचं का, की शेजाऱ्यांच्या दबावाला काहीच अर्थ नाही? तसंही नाही. शेजाऱ्यांच्या दबावामुळे तुरुंगाची दारं उघडली आहेत, आणि एकदा नव्हे. ती कधी उघडतात, कशामुळे उघडतात, आणि उघडल्यानंतर काय होतं, हे आज आपण क्रमाने पाहू.

१. तुरुंग कुणाचा, कायदा कुणाचा

म्यानमार म्हणजे ब्रह्मदेश आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. १८८५ साली इंग्रजांनी मंडालेचं राज्य घेतलं आणि तिथल्या शेवटच्या राजाला, थिबाला, रत्नागिरीत आणून ठेवलं. तो १९१६ साली तिथेच वारला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा पाठवलं मंडालेला. ‘गीतारहस्य’ तिथल्या कोठडीत लिहिलं गेलं, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं.

पण आपल्या विषयाला टिळकांचा आधीचा तुरुंगवास जास्त उपयोगी आहे. १८९७ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली होती. मॅक्स म्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी अशा मंडळींनी सुटकेसाठी अर्ज केला आणि १८९८ च्या सप्टेंबरात, सहा महिने आधी, टिळक सुटले. बाहेरच्या प्रतिष्ठित माणसांच्या शब्दाने सरकार नमलं, याचं हे उदाहरण. परंतु ती सुटका सशर्त होती. सुटकेनिमित्त सत्कार-समारंभ स्वीकारायचे नाहीत. आणि राजद्रोहाबद्दल पुन्हा शिक्षा झाली तर माफ केलेले सहा महिने परत भोगावे लागतील. म्हणजे माणूस घरी आला, पण शिक्षेचा उरलेला तुकडा सरकारच्या कपाटात जपून ठेवलेला.

हे कपाट लक्षात ठेवा. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे इथले कायदे तिथे लागू झाले. १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता म्यानमारमध्ये पुढेही चालू राहिली. तिचं कलम ४०१ सरकारला असा अधिकार देतं की कैद्याची शिक्षा अटींवर स्थगित करावी किंवा माफ करावी, आणि अट मोडली असं सरकारला वाटलं तर त्याला पुन्हा आत टाकून उरलेली शिक्षा भोगायला लावावी. आपल्याकडे १९७३ च्या संहितेत हेच कलम ४३२ क्रमांकावर आलं. कलम मुळात वाईट नाही. शिक्षेत दयेला जागा असावीच. पण ज्या देशात न्यायालय लष्कराच्या मुठीत असतं तिथे या कलमाचा अर्थ पार बदलतो. अट मोडली की नाही हे ठरवणारा तोच, ज्याच्याविरुद्ध कैदी बोलला होता.

आता राजबंदी कोण? लष्करी राजवटीचं ठरलेलं उत्तर असतं : आमच्याकडे राजबंदी नाहीतच, कायदा मोडलेले गुन्हेगार आहेत. शब्दशः ते खोटं नसतं, कारण आधी विरोधाला गुन्हा ठरवणारा कायदा केला जातो. २०२१ च्या बंडानंतर दोन आठवड्यांच्या आत दंड संहितेत ५०५ अ हे कलम घालण्यात आलं. लोकांत भीती पसरवणारं किंवा खोटी बातमी पसरवणारं वक्तव्य केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. बंडाला बंड म्हणणं हीच खोटी बातमी ठरू शकते. डॉक्टर, शिक्षक, पत्रकार, नट, कवी या एका कलमाखाली आत गेले.

२. आसियानच्या घरातले नियम

शेजाऱ्यांबद्दल बोलण्याआधी त्यांची बाजू नीट समजून घ्यायला हवी. आसियानची स्थापना ८ ऑगस्ट १९६७ ची, बँकॉकची. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि थायलंड हे पाच संस्थापक. त्याच्या थोडंच आधी इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला होता. सिंगापूर मलेशियातून फुटून दोन वर्षं झाली होती. बाजूला व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं. अशा वस्तीत पहिला नियम ठरला तो असा की कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही. दुसरा नियम एकमताचा : सर्वांना मान्य तेवढंच करायचं. या नियमांनी पन्नासहून अधिक वर्षं त्या देशांतली आपसातली युद्धं बऱ्याच अंशी टाळली, हे श्रेय द्यायलाच हवं.

पण याच नियमांची दुसरी बाजू अशी की ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या संमतीशिवाय तक्रारीचा ठराव होत नाही. २००८ साली आसियानची सनद लागू झाली. तिच्या उद्दिष्टांत लोकशाही आणि मानवाधिकार आले, आणि अहस्तक्षेप व एकमत हे नियमही कायम राहिले. एकाच कागदावर दोन्ही. शिवाय हेही विसरायला नको की सभासदांपैकी काहींच्या स्वतःच्या तुरुंगांतही विरोधक असतात. शेजाऱ्याला ‘तुझे राजबंदी सोड’ म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो, त्याचं एक कारण हेही आहे.

म्यानमार या संघटनेत आला १९९७ च्या जुलैमध्ये. १९९० च्या निवडणुकीत सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या होत्या आणि लष्कराने सत्ता सोडली नव्हती, हे सर्वांना माहीत होतं. आसियानच्या मंडळींचं म्हणणं होतं की बाहेर ठेवून काही साधणार नाही, आत घेऊन हळूहळू बदलू. याला त्यांनी ‘रचनात्मक संवाद’ असं नाव दिलं होतं.

३. शब्द कधी लागला, कधी नाही

३० मे २००३ रोजी देपायिन या गावाजवळ सू ची यांच्या ताफ्यावर जमावाने हल्ला केला, अनेक कार्यकर्ते मारले गेले आणि सू ची यांना पुन्हा कैदेत टाकलं. पुढच्याच महिन्यात नॉम पेन्ह इथे आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्यावरची बंधनं लवकर उठावीत अशी अपेक्षा उघडपणे व्यक्त केली. अहस्तक्षेपाच्या घरात ही नवी गोष्ट होती. मलेशियाचे महाथिर मोहम्मद, ज्यांनी म्यानमारला आत घ्यायला पुढाकार घेतला होता, तेच म्हणाले की शेवटचा उपाय म्हणून म्यानमारला काढावंही लागेल. परिणाम? सू ची तुरुंगातून घरी आल्या, पण नजरकैदेत. १९८९ ते २०१० या एकवीस वर्षांपैकी सुमारे पंधरा वर्षं त्यांची अशीच गेली.

मग आला खुर्चीचा प्रश्न. आसियानचं अध्यक्षपद पाळीपाळीने फिरतं. २००६ मध्ये पाळी म्यानमारची होती. अमेरिका आणि युरोपीय देश बैठकांना येणार नाहीत असं दिसू लागलं. मलेशिया, सिंगापूर आणि इतर देशांतले खासदारही म्यानमारच्या अध्यक्षपदाविरुद्ध बोलू लागले. जुलै २००५ मध्ये म्यानमारने स्वतःहून पाळी सोडली. लक्षात घ्या, त्याने राजबंदी सोडले नाहीत, खुर्ची सोडली. त्या वेळी राजवटीच्या हिशेबात तुरुंगातली माणसं खुर्चीपेक्षा महाग होती.

२००७ च्या सप्टेंबरात भिक्षूंचं आंदोलन चिरडलं गेलं तेव्हा आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी न्यूयॉर्कमधून किळस वाटल्याची भाषा वापरली आणि सर्व राजबंद्यांना सोडण्याची मागणी केली. त्या संघटनेच्या इतिहासात इतका कडक शब्द क्वचितच आला असेल. पण दोनच महिन्यांनी सिंगापूरच्या शिखर परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे दूत गंबारी नेत्यांना माहिती देणार होते, त्याला म्यानमारने हरकत घेतली आणि तो कार्यक्रम रद्द झाला. तुरुंग भरतच राहिले. राजबंद्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली.

आणि मग २०११. नवं, निमनागरी सरकार आलं, राष्ट्राध्यक्ष थेन सेन. त्यांना निर्बंध उठवून हवे होते, चीनवरचं अवलंबन कमी करायचं होतं, आणि २०१४ चं आसियानचं अध्यक्षपद हवं होतं. १२ ऑक्टोबर २०११ ला मोठी माफी जाहीर झाली, तिच्यात सुमारे दोनशे राजबंदी सुटले; झारगानर हे प्रसिद्ध विनोदी कलावंत त्यांत होते. नोव्हेंबरात बालीच्या परिषदेने २०१४ ची खुर्ची म्यानमारला द्यायचं मान्य केलं. १३ जानेवारी २०१२ रोजी ६५१ जण सुटले. १९८८ च्या विद्यार्थी चळवळीचे मिन को नाइंग त्यांत होते, भिक्षूंचे नेते गंबिरा होते, आणि गंमत पाहा, एके काळी या लोकांना आत टाकणारे गुप्तहेर खात्याचे प्रमुख खिन न्यूंतही त्याच माफीत सुटले. ते २००४ पासून स्वतःच कैदेत होते.

हे सगळं आसियानमुळे झालं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पाश्चात्त्य निर्बंध होते, देशातल्या लोकांचा वर्षानुवर्षांचा लढा होता, लष्कराचे स्वतःचे हिशेब होते. पण २००५ आणि २०११ शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट कळते. दोन्ही वेळा पणाला तीच खुर्ची होती. पहिल्या वेळी राजवटीला ती तेवढी नको होती, दुसऱ्या वेळी हवी होती. शेजाऱ्याचा शब्द लागतो तो शब्दाच्या कडकपणामुळे नाही. समोरच्याला हवी असलेली एखादी गोष्ट शेजाऱ्याच्या हातात असते, आणि ती न देण्याची त्याची तयारी असते, तेव्हा तो लागतो.

४. रिकामी खुर्ची आणि ५,६३६ माणसं

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २०२१ च्या ऑक्टोबरातला आहे. पाच कलमांनुसार नेमलेले दूत, ब्रुनेईचे एरिवान युसुफ, म्यानमारला जाणार होते. त्यांना सू ची यांना भेटायचं होतं. लष्कराने नकार दिला : खटला चालू आहे, भेटता येणार नाही. तेव्हा १५ ऑक्टोबरला आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवलं की महिनाअखेरच्या शिखर परिषदेला मिन आंग ह्लाइंग यांना बोलवायचं नाही. म्यानमारने एखादा अराजकीय प्रतिनिधी पाठवावा. ज्यांनी कधी कुणाच्या घरात डोकावलं नाही त्यांनी दारातच अडवलं.

बरोबर तीन दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, मिन आंग ह्लाइंग यांनी ५,६३६ कैद्यांना सोडण्याची घोषणा केली. त्याच संध्याकाळी यांगूनच्या इनसेन तुरुंगाच्या दारात गर्दी झाली. बसमधून माणसं बाहेर येत होती, लोक काचेवर हात टेकवून आपलं माणूस शोधत होते. हे तुम्ही छायाचित्रांत पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून बातम्या येऊ लागल्या की सुटलेल्यांपैकी काहींना लगेच पुन्हा अटक झाली. आणि शिखर परिषदेत म्यानमारची खुर्ची रिकामी राहिली. त्यांनी अराजकीय प्रतिनिधीही पाठवला नाही.

आकडा विलक्षण आहे ना? ५,६३६. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, नॉम पेन्हची शिखर परिषद संपून आठवडा होत नाही तोच ५,७७४. त्यांत सू ची यांचे ऑस्ट्रेलियन आर्थिक सल्लागार शॉन टर्नेल, ब्रिटनच्या माजी राजदूत व्हिकी बोमन आणि एक जपानी चित्रपटकार होते. २०२५ च्या ४ जानेवारीला, स्वातंत्र्यदिनी, ५,८६४. सणावाराला, परिषदेच्या आसपास, पाच-सहा हजारांची यादी. तिच्यात बहुतांश साधे गुन्हेगार, काही शे राजबंदी, आणि मथळ्यासाठी चारदोन परदेशी. इतक्या सुटका होऊनही राजबंद्यांची मोजणी करणाऱ्या, माजी राजबंद्यांनीच २००० साली स्थापन केलेल्या साहाय्य संघटनेच्या नोंदींत २०२५ मध्येही वीस हजारांहून अधिक माणसं आतच होती. एका दाराने सोडायचं, दुसऱ्याने आणायचं.

५. किंमत आणि प्रतिष्ठा

इथे आपण थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. कांटने एक साधा भेद सांगितला आहे. ज्या गोष्टीला किंमत असते तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी गोष्ट ठेवता येते. ज्याच्या जागी दुसरं काहीच ठेवता येत नाही त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. माणूस या दुसऱ्या वर्गात येतो.

लष्करी राजवट नेमकं काय करते? ती माणसाला पहिल्या वर्गात ढकलते. कैदी हे तिचं चलन होतं. परिषद जवळ आली की थोडं चलन बाहेर काढायचं, निर्बंध उठवून घ्यायचे, खुर्ची मिळवायची, टीका बोथट करायची. चलन संपत आलं तर नवीन अटका करायच्या; टांकसाळ तिच्याच हातात आहे. आणि दबाव आणणारा शेजारी जर केवळ संख्या मोजत असेल, ‘किती सोडले?’ एवढंच विचारत असेल, तर नकळत तोही त्या बाजारात उभा राहतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने भाव मान्य केलेला असतो.

मिन को नाइंग यांचं आयुष्य पाहा. १९८९ मध्ये अटक. २००४ च्या नोव्हेंबरात, व्हिएन्तिआनची शिखर परिषद जवळ आलेली असताना, सुटका. २००६ मध्ये पुन्हा अटक, २००७ च्या जानेवारीत सुटका, ऑगस्टमध्ये पुन्हा अटक, ६५ वर्षांची शिक्षा, २०१२ मध्ये सुटका. तारखा वाचताना आपल्याला धाप लागते. त्या माणसाने त्या जगल्या.

त्यांचे सहकारी क्याव मिन यू, ज्यांना लोक को जिमी म्हणत, तेही १९८८ च्या चळवळीनंतर दीर्घ काळ आत होते, २००७ ला पुन्हा आत गेले, आणि १३ जानेवारी २०१२ च्या त्याच यादीत सुटले. जगाने ज्या सुटकेचं स्वागत केलं, जिच्याकडे पाहून निर्बंध सैल झाले, त्या यादीतलं हे नाव. २०२१ च्या ऑक्टोबरात त्यांना परत पकडलं. लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. कंबोडियाचे पंतप्रधान हुन सेन २०२२ मध्ये आसियानचे अध्यक्ष होते. जानेवारीत नेपिडोला जाऊन मिन आंग ह्लाइंग यांना भेटणारे पहिले परकी सरकारप्रमुख तेच. त्यांनी जूनमध्ये पत्र लिहून फाशी देऊ नका अशी विनंती केली. २५ जुलै २०२२ रोजी सरकारी माध्यमांनी जाहीर केलं की चौघांना फाशी दिली आहे. को जिमी त्यांत होते, आणि एके काळचे रॅप गायक व नंतरचे खासदार फ्यो झेया थॉ हेही. आसियानच्या अध्यक्षांच्या निवेदनात निषेधाचे शब्द होते. शब्द कडकच होते.

शेजाऱ्यांनी २०१२ मध्ये को जिमींची सुटका पाहिली. त्या सुटकेखालचा कागद कुणी पाहिला नाही. त्या वेळच्या सुटका कलम ४०१ खालच्या होत्या, म्हणजे सशर्त. शिक्षा रद्द झाली नव्हती, स्थगित झाली होती. कपाट तसंच होतं.

६. मग मागायचं काय?

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सर, तुम्ही कागद पाहताय. इनसेनच्या दारात उभ्या असलेल्या आईला विचारा. तिला मुलगा हवा आहे, कलम नको. हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो बाजूला सारणार नाही. राजवटीच्या सोयीने झालेली सुटका हीसुद्धा सुटका आहे. सुटकेला ‘डागाळलेली’ म्हणून नकार देण्याचा अधिकार कैद्याला आहे, बाहेर बसलेल्या आपल्याला नाही. तेव्हा दार उघडत असेल तर उघडू द्यावं. प्रश्न आहे तो उघडल्याबद्दल शेजाऱ्याने काय मोजावं, याचा. आमचं म्हणणं एवढंच की अर्ध्या सुटकेला पूर्ण मोबदला देऊ नये.

पूर्ण सुटकेत कोणत्या गोष्टी येतात? एक, नावांची यादी. नुसता आकडा नव्हे, कोण आत आहे, कुठे आहे, कोणत्या कलमाखाली आहे. याला म्यानमारमध्येच आधार आहे : २०१३ च्या फेब्रुवारीत थेन सेन सरकारने उरलेल्या राजबंद्यांची छाननी करायला समिती नेमली, आणि तिच्यात माजी राजबंद्यांचे प्रतिनिधी बसवले. समितीत भांडणं झाली, पण ‘आमच्याकडे राजबंदी नाहीत’ हे वाक्य त्या दिवसापासून बोलता येईनासं झालं. दोन, सुटका बिनशर्त. तीन, कैद्यांना भेटण्याची मुभा : दूताला, रेडक्रॉसला, वकिलाला. चार, ज्या कलमाखाली अटक झाली ते कलम.

हे चौथं सर्वांत अवघड, आणि ते का हवं याचं उदाहरण लष्करी राजवटीतलं नाही. २०१६ ला सू ची यांचं सरकार आलं. २०१७ च्या डिसेंबरात रॉयटर्सचे दोन बातमीदार, वा लोन आणि क्याव सो ऊ, पकडले गेले. ते रोहिंग्यांच्या हत्याकांडाचा शोध घेत होते. गुन्हा लावला तो सरकारी गुपितांच्या कायद्याखाली. तो कायदा १९२३ चा, इंग्रजांचा. पाचशेहून अधिक दिवस ते तुरुंगात होते, आणि जिने स्वतः पंधरा वर्षं कैद भोगली तिने त्या खटल्याचं समर्थन केलं. माणूस सुटला, सत्तेवरही आला, पण कुलूप आणि किल्ली जागच्या जागी राहिली तर ती कुणाच्याही हाताला लागते.

७. आणि आपण?

आतापर्यंत आपण आसियानला शेजारी म्हटलं. पण भारताची म्यानमारशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. आपणही शेजारीच आहोत. १९८८ मध्ये दिल्लीने उघडपणे लोकशाहीवाद्यांची बाजू घेतली होती. नव्वदीच्या दशकात सीमेवरची बंडखोरी आणि चीनचा वाढता वावर पाहून धोरण लष्कराशी जुळवून घेण्याकडे वळलं. २१ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेत म्यानमारवरचा पहिला ठराव आला. सू ची आणि विन म्यिंत यांच्यासह सर्व राजबंद्यांना सोडावं अशी मागणी त्यात होती. बारा मतं बाजूने. तटस्थ राहिले तीन देश : चीन, रशिया आणि भारत. भारताची भूमिका होती की इथे शांत, संयमी मुत्सद्देगिरी उपयोगी पडेल.

या भूमिकेमागची कारणं आम्हाला कळतात. सीमेवरची राज्यं आहेत, निर्वासित आहेत, रस्त्यांचे प्रकल्प आहेत. शांत मुत्सद्देगिरीने कैदी सुटू शकतात, हेही आपण पाहिलं. पण शांत असणं आणि हातात काही नसणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो समोरचा काहीतरी मागायला येतो तेव्हा. त्या वेळी आपण बदल्यात काय मागतो, एक आकडा की एक यादी, यावरून आपली मुत्सद्देगिरी ठरेल.

शेवटी एका माणसाबद्दल सांगतो आणि थांबतो. विन टिन हे पत्रकार होते, सू ची यांच्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९८९ च्या जुलैमध्ये ते आत गेले ते २००८ च्या सप्टेंबरपर्यंत. एकोणीस वर्षं. राजकारण सोडतो असं लिहून द्या, लगेच सोडतो, असं त्यांना मध्ये सांगण्यात आलं होतं. त्यांनी लिहून दिलं नाही. ज्या माफीत ते सुटले तिचा आकडा होता ९,००२. त्या आकड्यात राजबंदी मोजकेच होते.

म्यानमारच्या तुरुंगात कैद्याचा सदरा निळा असतो. विन टिन बाहेर आल्यावरही निळाच सदरा घालत. २०१४ मध्ये वारले तोवर घालत होते. सगळे सुटेपर्यंत आपण सुटलेलो नाही, असं ते म्हणत. त्यांची सुटका मोजून जमेला धरणाऱ्यांना तो सदरा रोज सांगत होता की हिशेब अजून पुरा झालेला नाही.